गेलेल्यांची चरित्रे आणि जाणाऱ्याचा प्रश्न

गेल्या मार्चमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तिच्याजवळ अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे पत्र होते. पाच वर्षांची पीएचडी, शिक्षणशुल्क माफ, दरमहा विद्यावेतन आणि त्याबदल्यात आठवड्याला वीस तासांपर्यंत वर्गात अध्यापनाचे साहाय्य. उत्तर १५ एप्रिलपर्यंत कळवायचे होते. तिकडची बरीच विद्यापीठे आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावासाठी हीच तारीख पाळतात. मोहोळ तालुक्यातली तिची आजी जात्यावर ज्या ओव्या म्हणत असे, त्या ओव्यांतले स्थलांतर हा तिच्या संशोधनाचा विषय. चहा घेता घेता तिने विचारले, "सर, जावं की नाही हे ठरवायला उपयोगी पडेल असं मराठीत काही आहे का वाचण्यासारखं?"

मराठीच्या प्राध्यापकाला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. मी उत्साहाने कपाट उघडले. बाबासाहेबांच्या चरित्रांपैकी खैरमोडे आणि कीर, जयंत नारळीकरांचे 'चार नगरांतले माझे विश्व', नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही', श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ', शीलवतीबाई केतकरांचे 'मीच हे सांगितलं पाहिजे' आणि वरून जयवंत दळवींचे 'संध्याछाया'. पिशवी भरली. पंधरवड्याने ती पिशवी परत घेऊन आली. म्हणाली, "पुस्तकं चांगली आहेत सर. पण यातले सगळे गेलेलेच आहेत."

हा लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे. परदेशी जाऊन विद्या मिळवण्याबद्दल मराठीत गेली सव्वाशे वर्षे भरपूर लिहिले गेले. त्यात बोटीचा प्रवास आहे, थंडी आहे, ग्रंथालय आहे, उपास आहेत, पदवी आहे आणि परत आल्यावरचा सत्कारही आहे. नाही ती फक्त जाण्याआधीची रात्र. निर्णय घेणारा माणूस ज्या क्षणी खरोखर अडकलेला असतो, तो क्षण आपले चरित्रलेखन दोन ओळींत उरकते. त्याचे कारण उघड आहे. चरित्र शेवटाकडून लिहिले जाते. व्रताच्या कहाणीत फलश्रुती आधीच ठरलेली असते, तसे इथेही फळ ठाऊक असते आणि मग मागचा प्रत्येक प्रसंग त्या फळाकडे झुकवला जातो. सुफळ संपूर्ण झालेल्या कहाणीत "न जाण्याची" शक्यता कधी होती हेच वाचकाला कळत नाही.

दुसऱ्या टोकाला मागे राहिलेल्यांचे साहित्य आहे. 'संध्याछाया'तले नाना-नानी हे त्याचे सर्वांत ठसठशीत रूप. दूर गेलेल्या मुलाची वाट पाहणारे आईवडील मराठी प्रेक्षकाने इतके मनाशी धरले, की परदेशी शिक्षण म्हटले की आपल्याला एकतर ज्ञानतपस्वी आठवतो किंवा रिकामी खुर्ची. एकात जाणे हे कर्तव्य आणि दुसऱ्यात तो अपराध. मधे उभ्या असलेल्या, पत्र हाती धरलेल्या पंचविशीतल्या माणसाला या दोन्हींचा काय उपयोग?

मला एक अपवाद आठवला, आणि तो आपल्या परंपरेच्या अगदी आरंभी आहे. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूर इथे आनंदीबाई जोशी यांनी एक जाहीर भाषण केले. वय अठरा पूर्ण नाही, सभेत बोलण्याची सवय नाही, भाषणाची भाषा इंग्रजी. डॉक्टरी शिकायला मी अमेरिकेला का जाते, हे त्यांनी लोकांसमोर मांडले. त्या भाषणाची बांधणी लक्षात घेण्यासारखी आहे. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात ते त्यांनी एकापाठोपाठ एक घेतले आणि प्रत्येकाला उत्तर दिले. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? काही विपरीत घडले तर? आणि जे आजवर आपल्यातल्या कोणा बाईने केले नाही ते मी का करावे?

हे सहा प्रश्न पाहा. यात ज्ञानाची महती नाही, देशसेवेचा घोष नाही. सोय, सोबत, समाज, संकट यांचा हिशेब आहे. आणि हे भाषण झाले तेव्हा फळ ठाऊक नव्हते. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पदवी मिळेल आणि पुढच्याच वर्षी पुण्यात मृत्यू येईल, हे बोलणारीला माहीत नव्हते, ऐकणाऱ्यांनाही नव्हते. म्हणून मी ते निर्णयाचे अस्सल साहित्य मानतो. आपण मात्र त्याचे काय केले? कादंबरी, नाटक, चित्रपट यांतून आनंदीबाई घरोघर पोचल्या. पण पोचल्या त्या गोपाळरावांच्या हट्टाच्या गोष्टीत. पती ओढतो आहे आणि पत्नी घडते आहे, ही गोष्ट नाट्यमय खरी. तिच्यात श्रीरामपूरच्या व्यासपीठावर स्वतःची कारणे स्वतः मांडणारी मुलगी मागे पडली. निर्णय तिच्या हातून काढून घेण्याचे काम आपल्या वाचनाभिरुचीनेही केले आहे.

आनंदीबाईंचे प्रश्न हाताशी धरून मी उरलेली पुस्तके पुन्हा वाचली. या वेळी प्रत्येक चरित्र बंदरावर थांबवायचे, पुढचे पान उलटायचे नाही, असे ठरवले.

बाबासाहेबांपासून सुरुवात केली. कोलंबिया विद्यापीठातले तासन्‌तास वाचन शाळेच्या धड्यातून सर्वांना ठाऊक असते. पण १९१३ च्या जूनमध्ये मुंबईत उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांकडे पाहू. फेब्रुवारीत वडील वारले आहेत. थोरला मुलगा यशवंत सहासात महिन्यांचा आहे. घरात मिळवते हात थोडे. अशा वेळी ४ जून १९१३ रोजी बडोदा सरकारशी करार होतो : तीन वर्षांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. चरित्रकारांनी हा करार नोंदवला आहे. आपण वाचक मात्र त्यावरून उडी मारून थेट न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात पोचतो. तीन वर्षांच्या शिक्षणासाठी दहा वर्षे बांधून देणे हा व्यवहार समजून घेतला, तर पुढचा सगळा इतिहास वेगळा दिसतो.

कारण करार आपली किंमत वसूल करतो. लंडनचा अभ्यास सुरू होऊन वर्ष होत नाही तोच १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपते आणि परतावे लागते. सामान ज्या जहाजाने येत असते ते युद्धात टॉर्पेडोने बुडते. करार पाळण्यासाठी बडोद्याला गेलेल्या या उच्चविद्याविभूषित माणसाला राहायला जागा मिळत नाही. पारशी खाणावळीतून बाहेर काढले जाते. मग सिडनहॅम महाविद्यालयातली नोकरी, पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२३ मध्ये तिथली डी.एस्सी. कोलंबियाची पीएचडी तर प्रबंध छापून सादर केल्यावर १९२७ मध्ये हाती आली. बोटीत पाय ठेवल्यापासून चौदा वर्षांनी. 'तीन वर्षांची शिष्यवृत्ती' या शब्दांमागे एवढे आयुष्य उभे होते. हे सांगितल्याने बाबासाहेबांची थोरवी तिळभरही कमी होत नाही. उलट त्यांच्या वाटेला किती अडथळे होते आणि त्यातले किती पैशाच्या अटींचे होते, हे कळते. तपश्चर्येच्या गोष्टीत अटी दिसत नाहीत. आणि आजच्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी अटीच वाचायच्या असतात.

या अटी एकट्याच्या नसतात, हे दुसरे. १९१३ मध्ये रमाबाईंनी काय विचार केला, याचा त्यांच्या शब्दांतला कागद आपल्याकडे नाही. त्यांचे मन आपण नंतर गाण्यांतून आणि नाटकांतून कल्पिले. शीलवतीबाई केतकरांनी मात्र आपली बाजू स्वतः लिहिली, आणि पुस्तकाला नावच असे दिले की सांगण्याची गरज कोणाला होती ते कळावे. लंडनमध्ये भेटलेल्या एका मराठी पंडिताशी त्यांनी लग्न केले. ज्ञानकोशकारांच्या आयुष्यातला परदेशवास आपण नेहमी त्यांच्या बाजूने वाचतो. या पुस्तकात तो उलट दिशेने वाचायला मिळतो. माझ्या विद्यार्थिनीने सगळ्यांत जास्त खुणा याच पुस्तकात केल्या होत्या. तिचे लग्न ठरत आले होते. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला जो व्हिसा मिळतो त्यावर काम करता येत नाही, हे तिने वाचले होते. सोलापुरात चांगल्या नोकरीत असलेल्या मुलाने पाच वर्षे घरी बसायचे, की दोघांनी पाच वर्षे दूर राहायचे, असा तो सवाल होता. शंभर वर्षांत बाई-पुरुषांच्या जागा बदलल्या, कोंडी तीच राहिली.

तिसरा मुद्दा विषयाचा. याबाबत आपली टीका फारच गप्प आहे. परदेशी गेल्यावर माणसाचा प्रश्न त्याचाच राहतो का? श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये अमेरिकेला गेले, १९११ मध्ये कॉर्नेलची पीएचडी घेतली. त्यांनी तिथे अभ्यास केला तो जातिसंस्थेचा, मनुस्मृती समोर ठेवून. परत आल्यावर कंपनी काढून, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवून तेवीस खंडांचा मराठी ज्ञानकोश उभा केला. गावाकडचा प्रश्न घेऊन जायचे, तिकडची पद्धत शिकायची आणि उत्तर मराठीत लिहायचे, असा तो प्रवास. याच गृहस्थाने आपल्या एका कादंबरीला 'परागंदा' हे नाव दिले, हेही विसरू नये. शिकून परतलेल्याच्या मनात देशोधडीचा शब्द कसा घर करून राहतो, याची ही खूण आहे.

इरावतीबाई कर्व्यांचे वेगळे झाले. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. सासरे म्हणजे महर्षी कर्वे; स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या त्या माणसाचा सुनेच्या परदेशी जाण्याला मात्र विरोध होता, आणि पती दिनकरराव पाठीशी उभे राहिले. बर्लिनला मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातले त्या काळचे बडे नाव आणि पुढे नाझी वंशविचाराला बळ देणारे. इरावतीबाईंच्या वाट्याला आल्या मानवी कवट्या. कवटीच्या दोन बाजूंतली असमानता वंशाशी जोडलेली आहे, असे मार्गदर्शकाचे गृहीतक होते. इरावतीबाईंच्या मोजमापांनी त्याला दुजोरा दिला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. परदेशी विद्यार्थिनी, कर्जाचे पैसे, पदवी मार्गदर्शकाच्या हातात, अशा स्थितीत हे लिहिणे म्हणजे काय, हे संशोधन केलेल्या कोणालाही सांगायला नको. 'युगान्त' वाचताना आपल्याला ज्या धिटाईचा आनंद होतो तिची तालीम त्या कवट्यांवर झाली असावी, असे मला वाटते. पण प्रश्न त्यांचा नव्हता, तो त्यांना दिला गेला होता, हेही तितकेच खरे.

आज विषय बदलायला लावणारी ताकद मार्गदर्शकाचीच असते असे नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या आणि इतर वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या २०२२-२३ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे मोहोळच्या ओव्या बाद. आणि थोडे मागे जाऊन पाहिले तर १९१६ मध्ये कोलंबियात जातिसंस्थेवर निबंध वाचणारा विद्यार्थीही त्या नियमात बसला नसता. हे शिक्षण इथेच करा, बाहेर कशाला, असा यामागचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नाही. जात्यावरच्या ओव्यांचा सर्वांत मोठा संग्रह, एक लाखाहून अधिक ओव्यांचा, पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी उभा केला. त्यासाठी खेडोपाडी हिंडावे लागले, परदेशी जावे लागले नाही. पण प्वातवाँ फ्रान्समधून आले होते. धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा यांवर आयुष्य वेचणारे सोन्थायमर हायडेलबर्गचे. दलित चळवळीच्या इतिहासाचा पाया घालणाऱ्या एलिनॉर झेलियट यांचा प्रबंध पेनसिल्व्हेनियाचा, १९६९ चा. तिकडच्यांनी इथे येऊन आपला अभ्यास केला तर आपण कौतुक करतो. मग आजीच्या ओव्यांवर नातीने तिकडे जाऊन चारचौघांत बोलायचे ठरवले, तर तिला "बाहेर कशाला?" हा प्रश्न का?

मार्गदर्शकावरून आणखी एक गोष्ट. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली काम करत होते आणि १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले. हॅडन यांनी पुढची जबाबदारी घेतली आणि घुर्ये पीएचडी होऊन परतले. भारतीय समाजशास्त्राच्या इतिहासात ही एका वाक्याची नोंद आहे. परक्या देशात, एकाच माणसाच्या भरवशावर गेलेल्या विद्यार्थ्याला त्या आठवड्यात काय वाटले असेल, याचा विचार आपण करत नाही, कारण शेवट गोड झाला.

आणि ज्यांच्यापुढे प्रश्न उभाच राहिला नाही, त्यांचे काय? जयंतरावांचे वडीलही केंब्रिजला शिकलेले. मुलगा १९५७ मध्ये तिकडे गेला तो वडिलांच्या मळलेल्या वाटेने. त्यामुळे 'चार नगरांतले माझे विश्व'मध्ये जाणे हे आयुष्याचे स्वाभाविक पुढचे पाऊल म्हणून येते, आणि तसे येण्यात काही खोटे नाही. नरेंद्र जाधवांच्या पुस्तकात नायक बाप आहे. मुलाची परदेशी पदवी त्या बापाच्या झगड्याला आलेले फळ आहे. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी मोलाची. पण पहिल्यात वाट आधीच आहे आणि दुसऱ्यात ती बापाने खोदली आहे. माझ्या विद्यार्थिनीला यांपैकी काहीच नव्हते. तिच्याकडे एक पत्र आणि एक तारीख होती.

पुस्तके परत करताना तिने मला विचारले, "सर, तुम्ही का नाही गेलात?"

१९९६ साली माझ्याही हातात असे पत्र होते. तौलनिक साहित्याचा विभाग, विद्यावेतनासह. मी तिला नेहमीचे उत्तर दिले. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, घरात मीच मोठा, जाता आले नाही. हे उत्तर मी इतकी वर्षे इतक्या जणांना दिले आहे की ते तोंडपाठ झाले आहे. ऐकणारा मान डोलावतो आणि मीही थोडा मोठा होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वडिलांना झटका आला हे खरे. पण ते जूनपर्यंत हिंडूफिरू लागले होते. विभागाने प्रवेश वर्षभर पुढे ढकलण्याची तयारी दाखवली होती. त्या पत्राला मी उत्तरच पाठवले नाही. मला भीती वाटली होती. इथे मी वर्गात पहिला, गावात नावाजलेला. तिकडे माझे इंग्रजी ऐकून कोणी हसेल, महानुभाव गद्य म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावून सांगावे लागेल, आणि पाच वर्षांनी कदाचित काहीच हाती लागणार नाही. या भीतीत लाजण्यासारखे काही नव्हते. पण ती मी लपवली आणि वडिलांच्या दुखण्याआड उभा राहिलो. ज्या दोषाबद्दल मी इतका वेळ चरित्रकारांना बोल लावतो आहे तो मीही केला. गेलेले आपल्या जाण्याचे चरित्र लिहितात; मी आपल्या न जाण्याचे लिहून ठेवले होते. दोन्हींत निर्णय घेणारा माणूस गायब.

दुसऱ्या दिवशी फोन करून मी तिला हे सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे तुम्ही आधी सांगितलं असतं, तर पिशवीभर पुस्तकं वाचावी लागली नसती."

त्यानंतरच्या आठवड्यात तिने आनंदीबाईंसारखे आपले प्रश्न एका कागदावर लिहून काढले आणि त्यातले चार त्या विद्यापीठाच्या विभागाला कळवले. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत विद्यावेतन चालू राहते का? गेल्या काही वर्षांत तुमच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळायला प्रत्यक्षात किती वर्षे लागली? मार्गदर्शक विभाग सोडून गेले तर माझे कोण पाहील? ओव्या गोळा करायला वर्षभर सोलापूर जिल्ह्यात राहिले तर पैसे मिळतील का? तिघांची सरळ उत्तरे आली. उन्हाळ्याचे उत्तर गोलमोल होते; त्यासाठी तिने वेगळी शिल्लक धरली. चौदा एप्रिलला तिने होकार कळवला. योगायोगाने ती बाबासाहेबांची जयंती होती, पण तिने तारीख त्यासाठी निवडली नव्हती. आदल्या रात्रीपर्यंत घरात चर्चा चालली होती. ऑगस्टमध्ये ती गेली. जोडीदार इथेच आहे. कागदावरचा शेवटचा प्रश्न होता, 'परत यायचं का?' त्याच्यापुढे तिने काही लिहिलेले नाही.

ती बरोबर वागली की चूक, हे मला ठाऊक नाही, आणि तिची पदवी झाल्यावर ते आपोआप ठरेल असेही मी आता मानत नाही. निर्णयाचे मोल फळावरून ठरवायची सवय सोडली पाहिजे, एवढेच मला या वाचनातून मिळाले. पत्र वाचले का, अटी समजल्या का, भीतीला भीती म्हटले का, यावरून निर्णय चांगला की वाईट ते ठरावे.

मराठीत आता गेलेल्यांची चरित्रे पुरेशी आहेत. अर्ध्यातून परतलेल्यांची, पदवीशिवाय आलेल्यांची, पत्र हाती असून न गेलेल्यांची हवी आहेत. अशा लेखनाला सत्कार मिळणार नाहीत. पण पुढच्या मार्चमध्ये कोणीतरी पुन्हा एक पत्र घेऊन कोणा प्राध्यापकाच्या दारात उभे राहील, तेव्हा त्याच्या पिशवीत घालायला एखादे तरी पुस्तक असेल. माझे १९९६ चे पत्र मी माळ्यावरून शोधून काढले आहे. त्याला उत्तर लिहायला तेव्हा जमले नाही; लेख तरी तिथून सुरू करता येईल.